धारेला बसलेली मुलगी

पुण्यात एक मुलगी होती. कातळ चढण्याचं तिला वेड होतं, आणि चढताना तिचे हात नेहमी ठरावीक उंचीवर दगा देत. कातळात ठोकलेले पहिले तीन-चार बोल्ट ती झपाट्यानं मागं टाकायची. बोटाच्या एका पेराएवढ्या कंगोऱ्यावर लटकून पुढचा हात टाकणं तिच्या बरोबरीच्या फार थोड्यांना जमायचं, तिला जमायचं. पण वाट लांबली की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टणक व्हायचा, बोटं आपसूक उघडू लागायची आणि बोल्टला लावलेल्या क्विकड्रॉत दोर अडकवण्याइतकाही जोर उरायचा नाही. मग खालच्या जोडीदाराला ओरडून सांगायचं, दोर खेच, आणि हार्नेसवर लोंबकळत बसायचं.

यावर तिनं तेच ठरवलं जे बहुतेक जण ठरवतात. हात आणखी मजबूत करायचे. घरच्या दाराच्या चौकटीवर हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची फळी, बसवला. एका वहीत जगभरातले आरोहक करतात ते चमत्कारिक व्यायाम उतरवून घेतले: तांदळाच्या बादलीत हात खुपसून मुठी वळणं, ओला टॉवेल पिळत राहणं, काठीला दोरीनं वीट बांधून ती मनगटानं गुंडाळत वर घेणं, जाड दोराला लटकणं. यात हसण्यासारखं काही नाही. 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत वोल्फगांग ग्युलिश या जर्मन आरोहकानं तिरप्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय अधांतरी ठेवून नुसत्या बोटांनी त्या चढायला सुरुवात केली, तेव्हा तोही विचित्रपणाच होता. त्याच फळीच्या जोरावर त्यानं 1991 मध्ये फ्रांकेनयुराच्या जंगलातली 'अॅक्शन दिरेक्त' ही वाट चढली, आणि आज ती फळी जगभरच्या क्लाइंबिंग जिममध्ये दिसते. पण ग्युलिशला आपल्या हातात नेमकं काय कमी आहे ते आधी कळलेलं होतं: बोटं एका क्षणात झडप घालून पकडू शकत नव्हती. व्यायाम त्यानं त्या उणिवेच्या मापाचा बेतला. मुलीनं आपली उणीव तपासलीच नव्हती. हात थकतात म्हणजे ते कमजोर आहेत, एवढं तिनं धरून चालवलं होतं.

दिवाळी झाली, पाऊस संपून कातळ कोरडा झाला, आणि चढाईच्या हंगामाच्या तोंडावर आत्याचा फोन आला. आत्याचं गाव लोणावळ्याच्या दक्षिणेला, आंबवण्याहून भांबर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. आत्याचे यजमान, म्हणजे तिचे मामा, गोठ्यातल्या शेवाळावर घसरले होते आणि पाय प्लॅस्टरमध्ये होता. घरात आठ म्हशी, त्यातल्या पाच दुभत्या. सकाळ-संध्याकाळची धार, शेण, वैरण, डेअरीला दूध पोचवणं, सगळं एकट्या आत्यावर आलं होतं. मुलीचं कॉलेज संपलेलं होतं आणि नोकरीला अवकाश होता. वडील म्हणाले, "दोन महिने जाऊन ये. तिनं लहानपणी तुझं कमी केलेलं नाही."

ती गेली, पण मन हँगबोर्डवर ठेवून. जोडीदाराशी ठरलं होतं की जानेवारीत तैलबैल्याची भिंत चढायची. तोवर तो शहरात रोज सराव करणार आणि आपण शेण काढणार, हे तिला डाचत होतं. म्हणून जाताना तिनं वही बरोबर नेली.

पहिल्या आठवड्यात तिनं गोठ्यामागं तालीम मांडली. तांदूळ वाया घालवणं आत्याच्या घरात शक्यच नव्हतं, म्हणून बादलीत ओढ्याची वाळू भरली. घोंगडी भिजवून पिळली. पेंडीच्या पोत्याच्या सुतळीनं काठीला वीट बांधली. यातल्या प्रत्येकाबद्दल माझं मत सांगतो, कारण असे प्रयोग करणारी पोरं मला वरचेवर भेटतात. वाळूतल्या मुठी चांगल्या: वळणाऱ्या स्नायूंबरोबर बोटं उघडणारे स्नायूही त्यात काम करतात, आणि नुसतं आवळत राहणाऱ्या आरोहकांचे कोपर जे दुखू लागतात त्याला त्यानं थोडा आळा बसतो. विटेच्या काठीनं हात पेटतो खरा, पण राबतं ते मुख्यतः मनगट. बोटांची पकड जिथली तिथं राहते. घोंगडी पिळण्यात मूठ सलग आवळलेली राहते, त्यामुळं थकवा भरपूर आणि कमाई कमी. विहिरीवरून हातानं पोहरा ओढणं मात्र मला या सगळ्यांपेक्षा मोलाचं वाटतं. तिथं एक हात धरतो तेव्हा दुसरा सुटलेला असतो. मुलीला तो व्यायाम सर्वांत सोपा वाटला, म्हणून तिनं तो वहीतून खोडला.

धारेकडं ती काम म्हणून बघत होती, आणि नकोसं काम म्हणून. पहिल्या दिवशी आत्यानं रेडकू सोडलं, त्यानं कासेला ढुश्या मारल्या, म्हशीनं पान्हा सोडला. मग आत्यानं रेडकाला बाजूला बांधलं आणि म्हणाली, "बस आता." मुलगी चरवी गुडघ्यांत धरून बसली. दोन सड दोन मुठींत घेतले आणि दाबले. पहिल्या धारा बऱ्या निघाल्या. मिनिटभरात हात जड झाले. तीन मिनिटांत कोपराखालचा स्नायू ताठला, तोच ओळखीचा ताठा, कड्यावर पाचव्या बोल्टाशी येणारा. तिनं दात आवळून जोर वाढवला. म्हशीनं पाठीला कळ आल्यागत अंग चोरलं, मागचा पाय उचलला आणि पान्हाही चोरला. चरवीत तळाला जेमतेम दूध. आत्या येऊन तिथंच बसली, पुन्हा रेडकू लावलं, म्हशीशी बोलत बोलत ती रिकामी केली, आणि तशीच उरलेल्या चारही म्हशींवरून फिरली. शेवटच्या म्हशीपाशी तिच्या हाताची गती पहिल्या म्हशीपाशी होती तेवढीच होती.

आत्याचं वय पंचावन्नच्या पुढं. मनगटं काटकुळी, बांगड्या कोपराकडं सरकतात इतकी. मुलीला वाटलं, कष्टाचे हात आहेत, दिसतात त्यापेक्षा बळकट असणार. खात्री करावी म्हणून एका दुपारी तिनं आत्याला पडवीच्या आडव्या वाशाला लटकायला सांगितलं. आत्यानं पदर खोचला, हात वर करून वासा धरला आणि पाय उचलले. पाच-सहा सेकंदांत ती खाली होती. "न्हाई बाई, मला न्हाई जमायचं त्ये," म्हणाली आणि हात झटकून चुलीकडं गेली. त्याच वाशाला मुलगी मिनिटभर सहज लटकायची.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. जिच्या हातात तिच्या निम्माही जोर नाही ती पाच म्हशींची धार काढते, आणि ती स्वतः एका म्हशीपाशी संपते. म्हणजे तिला जे हवं होतं ते जोरात नव्हतंच. मग ते कशात होतं?

दुसऱ्या दिवसापासून ती आत्याचे हात बघायला लागली. आत्याला शिकवता येत नव्हतं. चाळीस वर्षांत तिनं हा प्रश्न कधी स्वतःला विचारलेला नव्हता. "तू फार आवळतीस, एवढंच मला दिसतंय," असं तिनं दोन-तीनदा सांगितलं. पण बघितल्यावर मुलीला हळूहळू उलगडलं. आधी अंगठा आणि तर्जनी सडाच्या मुळाशी मिटतात, म्हणजे सडात आलेलं दूध वर कासेत परत जात नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी एकामागोमाग मिटतात आणि धार चरवीत पडते. इथवर तीही करत होती. फरक त्यानंतरच्या क्षणात होता. धार पडली की आत्याची मूठ पूर्ण उघडायची. बोटं सडाला टेकलेली असायची, पण त्यांत जीव नसल्यासारखी सैल. त्या सैलपणात वरून सड पुन्हा भरायचा. मुलीची मूठ दोन दाबांच्या मधे अर्धीच सुटायची. पुढच्या दाबाची घाई तिच्या बोटांत शिल्लक असायची. सड भरायला जागाच मिळत नव्हती, म्हणून धार बारीक पडायची, म्हणून ती आणखी जोर लावायची.

आणि जे सडाचं, तेच तिच्या हाताचं चाललं होतं. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. लांब स्नायुबंध तिथून बोटांपर्यंत येतात. स्नायू आवळला की त्याच्यातल्याच रक्तवाहिन्या दबतात. आपल्या कमाल ताकदीच्या साधारण निम्म्याहून जास्त जोरानं पकडलं, तर हातात रक्त जाणं जवळजवळ थांबतं. तेवढा वेळ स्नायू आतल्या शिदोरीवर चालतो, आणि आत साठणारं बाहेर पडत नाही. हात टणक होतो तो यानं. ताजं रक्त येतं ते पकड सुटल्यावर, एक होल्ड सोडून दुसऱ्यापर्यंत हात जातो त्या सेकंदभरात. 2007 साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी आरोहक आणि न चढणारे यांच्या हातांची तुलना केली. थांबून थांबून पकडायच्या चाचणीत आरोहक पुढं होते, आणि विश्रांतीच्या त्या छोट्या अवकाशात त्यांच्या स्नायूंत ऑक्सिजन अधिक चांगला परत येत होता. सलग एकच पकड आवळून धरायच्या चाचणीत मात्र दोघांच्या टिकण्यात मोठा फरक आढळला नाही. मला हे वाचलं तेव्हापासून वाटत आलं आहे की आपली निम्मी तालीम आपण चुकीच्या क्षणाची करतो. पकडण्याच्या क्षणाची सगळे करतात. सुटलेल्या क्षणाकडं कुणी बघत नाही.

मुलगी तो क्षण शिकायला बसली, आणि तो अवघड निघाला. ती जोर वाढवू शकत होती, कमी करू शकत नव्हती. वर्षानुवर्षं लटकून तिच्या हाताला एकच सवय लागली होती: जे हातात येईल ते सर्वस्वानं धर. पहिले दहा-बारा दिवस तिनं फक्त उघडण्यावर लक्ष ठेवलं. दाबताना श्वास रोखला जातो हे तिच्या ध्यानात आलं; मग आत्यासारखं म्हशीशी काहीबाही बोलायला सुरुवात केली, कारण बोलताना श्वास रोखता येत नाही. किती कमी दाबलं तरी धार पडते, याचा ती अंदाज घेऊ लागली. म्हशींनीही तिला अंदाज दिला. हात कडक झाला की म्हैस पाय उचलायची, सैल झाला की रवंथ चालू राहायचं. इतका प्रामाणिक प्रशिक्षक तिला कुठल्या जिममध्ये मिळाला नसता. तिसऱ्या आठवड्यात एक म्हैस पुरी झाली, मग दोन. डिसेंबरात पहाटेच्या थंडीत ती तीन म्हशींची धार काढून उठायची आणि कोपराखालचा हात चाचपला तर मऊ लागायचा.

तेव्हा तिनं ते कातळाला लावून पाहिलं. गोठ्यामागं वावराचा दगडी बांध होता, पुरुषभर उंच आणि बराच लांब. त्यावर ती जमिनीपासून फूटभर उंचीवर आडवी चढायला लागली, या टोकापासून त्या टोकाला आणि परत. नियम एकच: प्रत्येक दगड सोडल्यावर पुढच्याला हात लागेपर्यंत बोटं पूर्ण सैल. दगड धरताना बोटं वाकवून कुलूप लावायचं नाही, जमेल तिथं उघड्या हातानं धरायचं. पाय नीट ठेवायचे, म्हणजे हाताला कमी लागतं. अर्धा तास चढायचं, आणि हात भरू लागलेत असं वाटलं की जागा सोपी करायची, थांबायचं नाही. मधे एखादा मोठा दगड मिळाला की एक हात मोकळा करून काही सेकंद डोक्यावर, काही सेकंद खाली. हात वर गेला की वापरलेलं रक्त लवकर उतरतं. प्लॅस्टरमधला पाय खुर्चीवर टाकून मामा बघत बसायचे. "पोरी, हे सोपं दिसतंय, मग याची तालीम कशाला?" त्यांनी एकदा विचारलं. "सोपं राहावं म्हणून, मामा," ती म्हणाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जोडीदार आला. तैलबैला गाठायला तिथून वेळ लागत नाही. पठारावर उभ्या राहिलेल्या बेसॉल्टच्या दोन भिंती, मधे खिंड, भिंतींची उंची अडीचशे फुटांच्या आसपास. पश्चिमेला कोकणात सुधागड आणि सरसगड, इकडं घनगड. सकाळी लवकर खिंडीत पोचलं तर कातळ गार मिळतो आणि भिंतीवर कुठं आग्या मोहोळ बसलंय का ते शांतपणे बघता येतं. त्यांनी ते बघितलं आणि मोहोळापासून लांबची वाट धरली.

जोडीदारानं दोन महिने खरोखर घाम गाळला होता. त्याची बोटं पूर्वीपेक्षा बळकट झाली होती. पहिल्यांदा तोच लीड करत, म्हणजे दोर खालून वर नेत, गेला. खालच्या एक-तृतीयांश भागात दोन बारीक कंगोऱ्यांची जागा आहे, पाय जवळजवळ नाहीत, ती त्यानं सरळ पार केली. त्याच्या वर सोपी पण लांब चढण, हाताला भरपूर दगड. तिथं त्यानं प्रत्येक दगड कंगोऱ्याइतक्याच जोरानं धरला. दोन-तृतीयांश उंचीवर त्याची कोपरं बाहेर वळायला लागली, क्विकड्रॉपाशी दोर दोनदा निसटला, आणि तो दोरावर बसला. थोडं थांबून पुन्हा निघाला, पुन्हा बसला. खाली आला तेव्हा त्याला बुटांची नाडी सोडता येत नव्हती.

मग मुलगी गेली, आणि कंगोऱ्यांपाशीच पडली. इथं मला कुणाची फसवणूक करायची नाही. धार काढून बोटांची कमाल ताकद वाढत नाही. म्हशीच्या सडाला लागतो त्यापेक्षा कित्येक पट जोर त्या कंगोऱ्याला लागतो, आणि दोन महिने तिनं तो सराव केलेला नव्हता. ती आणखी एकदा पडली. तिसऱ्या वेळी उजवा पाय तिनं वेगळ्या खाचेत ठेवला आणि कशीबशी वर निसटली. हात तोवर चांगलेच तापले होते. एरवी यानंतर तिचं काही खरं नसायचं.

खाली दोर सांभाळत, बिले देत उभ्या असलेल्या जोडीदाराला तिथून पुढं काही तरी वेगळं दिसू लागलं. ती हळू चालली नव्हती, पण प्रत्येक दगड सोडताच तिची बोटं फुलायची, मनगट लोंबायचं, मग हात वर जायचा. दगड इतक्या हलक्या हातानं धरायची की सुटेल असं त्याला वाटायचं. एका रुंद टप्प्याशी ती थांबली, हात एकदा वर, एकदा खाली, पाळीपाळीनं. कंगोऱ्यांवर तापलेले हात तिथं, चढण चालू असतानाच, पुन्हा थंडावले. तो जिथं दोरावर बसला होता तिथून ती काहीतरी पुटपुटत गेली. ती त्या वेळी म्हशीशी बोलायची तसं कातळाशी बोलत होती हे तिनं नंतर सांगितलं. वरच्या स्टेशनला पोचून तिनं स्वतःला अँकर केलं आणि हाक दिली.

उतरल्यावर त्यानं तिचा हात मागितला आणि कोपराखाली दाबून बघितला. "तू काय केलंस दोन महिने?" तिनं सांगितलं. त्याला पटलं नाही. "म्हणजे तू कमी ताकद लावायला शिकलीस? मग ताकद वाढवायचीच कशाला?" ती म्हणाली, "त्या दोन कंगोऱ्यांसाठी. तिथं तू मला शिकव, मी पडलेच ना. पण उरलेली भिंत कंगोऱ्यांची नव्हती." त्यावर तो बराच वेळ दोर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मला दाखव."

संध्याकाळी दोघं आत्याकडं पोचले तेव्हा धारेची वेळ होती. आत्यानं नव्या माणसाला सर्वांत गरीब म्हैस दिली. तो बसला आणि त्याच्या त्या बळकट बोटांनी सुरुवात केली. चार-पाच मिनिटांत त्याचा चेहरा लाल झाला आणि म्हशीनं पाय उचलला. आत्यानं त्याला उठवलं, स्वतः बसून म्हैस रिकामी केली आणि चरवी त्याच्या हातात देत विचारलं, "किती दिवस हायस?"

"सोमवारी कामावर जायचंय, आत्या."

"मंग उद्या सकाळी पाचला हीच म्हस घे. आन् नख काढून ये, तिला लागतंय."

मुलगी नेलकटर शोधायला आत गेली.